उलट्या खुर्च्यांची हुंगणी

त्या वर्षीची हुंगणी सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून घ्यायची, ही कल्पना दादाची. या घरातल्या बहुतेक अनर्थांसारखी तीही त्याला तोंडात घास असताना सुचली.

"आत्या भुवया उडवते," तो म्हणाला. "हवी ती वडी आली की उडवते, नको ती आली की पाडते. टेंगूळवर दबाव येतो."

"माझ्या भुवया माझ्या आहेत," आत्या म्हणाली. "कारखान्याच्या नाहीत."

"म्हणूनच त्यांनी भिंतीकडे बघावं."

अण्णांनी ताटातून वर न बघता 'हं' केलं, म्हणजे ठरलं.

हुंगणी हा शब्द या घराबाहेर कुणी ऐकला असेल तर आश्चर्यच. अण्णांच्या वडिलांनी साबणाचा कारखाना काढला तेव्हापासूनची ही रीत. नवी वडी बाजारात जाण्याआधी घरच्या माणसांनी मिश्रणाच्या खोलीत गोल बसायचं, वडी हातोहात फिरवायची, हुंगायची आणि चकार शब्द काढायचा नाही, असा निदान नियम होता. शेवटी वडी टेंगूळच्या हातात जायची. टेंगूळने मान हलवली की वडी पास, नाक मुरडलं की पुन्हा कढईत.

टेंगूळ म्हणजे अण्णांची धाकटी मुलगी, दादाची बहीण. लहान असताना कारखान्याच्या माळ्यावरून डोक्यावर पडली, कितीतरी दिवस बेशुद्ध होती, आणि शुद्धीवर आली तेव्हा कपाळावरच्या टेंगळाने तिचं खरं नाव कायमचं गिळून टाकलं होतं. आता चाळिशीला टेकली तरी टेंगूळच. पडल्यानंतरच्या वर्षी ती खेळता खेळता एकदा थबकली, एकटक बघत राहिली आणि म्हणाली, "काहीतरी जळतंय." शोधलं तर भट्टीमागे खरोखरच एक फडकं धुमसत होतं. झालं! डोक्याला मार लागला आणि पोरीचं नाक उघडलं, असं अण्णांनी त्याच दिवशी जाहीर करून टाकलं. त्यानंतर ती अधूनमधून थबकायची, जळतंय म्हणायची, सगळे धावायचे. बहुतेक वेळा काही सापडायचं नाही. पण न सापडलेल्या आगी कोण लक्षात ठेवतो?

आणि नाकच कशाला, तिचं सगळंच त्या पडण्याच्या खात्यावर जमा होतं. पाहुण्यांसमोर मनात येईल ते बोलून मोकळी होते? डोक्याला लागल्यापासून. भलत्या वेळी खदाखदा हसते? डोक्याला लागल्यापासून. दुपार झाली की गळून जाते, दोन माणसं एकदम बोलली की कानांवर हात ठेवते, 'चमचा' म्हणायचं असलं की 'ते आपलं खायचं हत्यार' म्हणते? तेही तेव्हापासूनच. तिच्यात पडण्याआधीचं काही शिल्लक आहे का, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नव्हता. तिला स्वतःला पडला होता, पण तो विचारायचा कुणाला? त्या दिवसाचा विषय निघाला की अण्णा उठून जात.

आज हुंगणीनंतर अण्णा मिश्रणाच्या खोलीची किल्ली टेंगूळला देणार होते. म्हणजे उद्यापासून तेलं, सुगंध, कढई, सगळा कारभार तिचा. सुट्टीचा दिवस होता. कामगार नव्हते, भट्टी बंद होती, आणि आत्या कधी नव्हे ती वेळेवर येऊन कपाटापाशी काहीतरी खुडबुड करत होती.

बाहेरच्या नळावर टेंगूळ आणि तिची वहिनी, म्हणजे दादाची बायको, हात धूत होत्या.

"आज सांगून टाक," वहिनी म्हणाली.

"आज? सगळे इतके खुशीत आहेत."

"मग कधी सांगणार? किल्ली कमरेला लावल्यावर? उद्यापासून तू त्या उकळत्या कढईपाशी एकटी उभी राहणार. तिथे थबकलीस म्हणजे?"

टेंगूळला हसू फुटलं. "म्हणजे माझाच साबण होईल. वास पास होईल का गं माझा?"

"टेंगूळ!"

"बरं बाई, सांगते."

गेल्या आठवड्यात वहिनीच तिला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. हल्ली थबकणं वाढलं होतं, एकदा तर जिन्यातच. बाईंनी तपासण्या केल्या आणि मग खुर्ची ओढून शांतपणे सांगितलं की हा वास बाहेरचा नाही. लहानपणी मेंदूला झालेल्या जखमेचा व्रण अजून तिथे आहे, त्याच्यापाशी अधूनमधून ठिणगी पडते, आणि ती ठिणगी म्हणजेच हा जळका वास. छोटा झटका. आग, वायू, दैवी देणगी, काही नाही. गोळ्या रोज घ्यायच्या, आणि झटके थांबेपर्यंत गाडी नाही, शिडी नाही, कढईपाशी एकटं उभं राहणं नाही. गोळ्या लागू पडल्या की वासही थांबेल.

गोळ्या टेंगूळच्या पिशवीत होत्या, पाकीट अजून न फोडलेलं. आज ना उद्या घेते, असं तिने वहिनीला सांगितलं होतं. खरं कारण सांगितलं नव्हतं. वास पडण्यातून आला आणि गोळीने जाणार. हसणंही पडण्यातूनच आलं, बोलणंही. मग गोळी ते ठेवेल कशावरून? सगळं धुऊन निघालं तर खाली कोण उरणार, हे तिला माहीत नव्हतं, आणि त्या कोणालातरी भेटायची तिला भयंकर भीती वाटत होती.

वहिनीपासून तिने आणखी एक गोष्टही लपवली होती. ती कळायला आता फार वेळ लागणार नव्हता.

"बसा!" आतून अण्णा ओरडले. "तोंडं भिंतीला!"

पाच खुर्च्या, पाच पाठी. शाळेत शिक्षा झाल्यासारखे सगळे बसले होते. दादाच्या नाकासमोर विजेच्या दिव्यांचं बटण होतं, आत्यापुढे जुनं कॅलेंडर, आणि अण्णांच्या वाट्याला बेसिनवरचा आरसा आला होता, तो त्यांनी तत्परतेने फडक्याने झाकला. तीन वड्या होत्या. वडी मागच्या मागे हात नेऊन द्यायची होती, त्यामुळे पहिलीच वडी दादाच्या हातून निसटली आणि खुर्च्यांखालून सरपटत गेली. ती शोधायला तो ओणवा झाला तेव्हा आत्या फिसकन हसली.

"आत्या, बोलायचं नाही!"

"मी कुठे बोलले? हसले."

"हसणं म्हणजे मत झालं."

टेंगूळने मान वळवून बघायचा मोह आवरला. तिच्यासमोर पांढरी भिंत होती आणि एक खिळा. खिळ्याच्या चेहऱ्यावरून काही कळणं शक्य नव्हतं.

पहिली वडी तिच्याकडे आली. तिने हुंगल्यासारखं केलं, म्हणाली, "नंतर सांगते." दुसरी फिरू लागली. ही अण्णांच्या हातात गेली मात्र, त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि हुंगणीचा नियम मोडून उद्गारले, "वा! गुलाब. आणि मागून काहीतरी लाकडी. ही पोरगी बाजार हलवणार."

"गुलाब?" दादाने वडी घेऊन हुंगली. "हो की! गुलाबच. फ्रेश!"

"मला नाही वाटत," आत्या म्हणाली. "उग्र आहे. डोकं धरलं माझं."

वडी वहिनीकडे आली. वहिनी ही घरची सून. तिला हुंगणीत बसायला मिळायचं, पण मत विचारायची पद्धत नव्हती. माहेर शिंप्यांचं, साबणातलं तिला काय कळणार, असा हिशेब. तिने वडी नाकाशी धरली. पुन्हा धरली. मग नखाने थोडी खरवडून पाहिली आणि कपाळाला आठी घालून पुढे टेंगूळच्या हातात दिली.

टेंगूळने वडी घेतली, आणि तिची पाठ एकदम ताठ झाली.

बाकीचे भिंतीकडे बघत होते. वहिनीने मात्र वडी देताना मान वळवली होती, म्हणून तिला दिसलं. टेंगूळची नजर खिळ्यावर गोठली होती. ओठ काही चघळल्यासारखे हलत होते, आणि एक हात बाहीच्या बटणाशी चाळा करत होता, थांबतच नव्हता. वहिनी उठून तिच्याजवळ गेली, खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी असंच सांगितलं होतं. हलवायचं नाही, जवळ राहायचं.

थोड्या वेळाने टेंगूळने पापण्या मिटल्या, उघडल्या.

"काहीतरी... जळतंय," ती जड जिभेने म्हणाली.

"लागला!" अण्णा खुर्चीवरून उसळले. "वास लागला तिला! अरे बघताय काय? धावा!"

दादा खुर्चीला अडखळून, बादली उचलून, दाराला धडकून पळाला. आत्या त्याच्या मागे 'नळ सोड, नळ!' असं ओरडत, आणि अण्णा दोघांच्या मागे सूचना देत. भट्टीकडून पाणी आपटल्याचा आवाज आला. मग दादाची किंकाळी.

दादा परत आला तो गळ्यापासून खाली चिंब, मागोमाग आत्या आणि अण्णा. "भट्टी थंडगार आहे," तो म्हणाला. "बादली उलटी धरली गेली माझी."

"मग वर पत्र्यावर बघ!" अण्णा म्हणाले.

"अण्णा," वहिनी म्हणाली. तिचा आवाज या खोलीत इतका मोठा कधीच निघाला नव्हता, त्यामुळे सगळे जागच्या जागी थांबले. "कुठेही काही जळत नाहीये. आणि त्या वडीला गुलाबाचा काय, कसलाच वास नाही."

"काहीतरीच काय? मी स्वतः हुंगली."

"नुसता साबण आहे तो, कढईतला. त्यात अजून काही मिसळलेलंच नाही."

सगळ्यांचे डोळे आत्याकडे वळले. कारण आत्या कॅलेंडर वाचायला लागली होती.

"आत्या?"

"बघू नका माझ्याकडे. दादाची परीक्षा घ्यायची होती मला," आत्या म्हणाली. "हा प्रत्येक वडीला फ्रेश म्हणतो. म्हटलं, बिनवासाची घालून बघावी, मग याचं बिंग फुटेल."

"पण मग तू तिला उग्र कशी म्हणालीस?" दादाने विचारलं. "डोकं धरलं म्हणालीस!"

आत्याने कॅलेंडरचं पान उलटलं. "तिन्ही वड्या एका रंगाच्या निघाल्या," ती शेवटी म्हणाली. "ताटात ठेवल्यावर कुठली बिनवासाची तेच मला कळेना."

"हुंगून कळलं नाही?"

"कळलं असतं तर विचारलं असतंस का?" आत्या कडाडली. "गेलंय नाक माझं. केव्हाचंच. सर्दी झाली ती नाक घेऊनच गेली. आता काढा माझी वरात!"

दादा हसायला लागला. मग एकदम थांबला, कारण सगळे आता त्याच्याकडे बघत होते.

"मी विक्री बघतो," तो म्हणाला. "विक्रीला नाक लागत नाही. अण्णा गुलाब म्हणाले म्हणून मी गुलाब म्हणालो. अण्णांना वास आला, मग झालं ना?"

अण्णा फडक्याने झाकलेल्या आरशाकडे बघत उभे राहिले. जन्मभर साबणाच्या कॉस्टिक सोड्याच्या जळजळीत वाफेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या नाकाचं काय होतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला आधीच कळायला हवं होतं.

"गुलाब म्हटलं की सहसा चुकत नाही," ते हळूच म्हणाले. "पण मला काळजी नव्हती. शेवटी वडी टेंगूळकडेच जाते. मी वर्षानुवर्षं तिच्या तोंडाकडे बघून ठरवतो. तिचं नाक आहे तोवर..."

आता सगळे टेंगूळकडे वळले. ती अजून थोडी सुस्त होती, वडी मांडीवर धरून बसली होती. तिने प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "पडले तेव्हापासून. काहीच नाही, कधीच नाही. तो जळका तेवढा येतो, आणि तो खोटा असतो."

वहिनी चकित होऊन तिच्याकडे बघतच राहिली. "मला पण नाही सांगितलंस?"

"तुला कसं सांगणार? मी तुझ्याच जिवावर होते."

"माझ्या?"

"तुला चांगला वास आला की तुझी डावी नाकपुडी हलते. नको असला की तू साडी सावरतेस. मी दर वेळी तेच बघायचे. मागची गाजलेली वडी न् वडी तुझ्या नाकपुडीने पास केली आहे."

खोलीत एक विलक्षण क्षण आला. प्रत्येकजण मनातल्या मनात कोण कोणाच्या तोंडाकडे बघत होतं याची साखळी लावत होता. दादा अण्णांकडे, अण्णा टेंगूळकडे, टेंगूळ वहिनीकडे.

"आणि आत्या, तू?" दादाने विचारलं. "तू कोणाकडे बघायचीस?"

"कोणाकडे नाही. तू जे म्हणशील त्याच्या उलट म्हणायचं, एवढंच."

पहिली टेंगूळ हसत सुटली. मग वहिनी, तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. ओला दादा हसता हसता भिंतीला टेकला आणि त्याच्याच खांद्याने बटण दाबलं जाऊन दिवे गेले. अंधारात आत्याचा 'अगं आई गं, पोट दुखलं' असा आवाज येत राहिला. दिवे लागले तेव्हा अण्णा खुर्चीत कोसळून डोळे पुसत होते, आणि तीन पिढ्यांचा नावाजलेला साबण एका शिंप्याच्या मुलीच्या नाकपुडीवर चालला होता, ही गोष्ट पचवत होते.

"मग सुनबाई," ते धापा टाकत म्हणाले, "किल्ली तुझी म्हणायची."

"अहो, पण ती माझी बायको..." दादा म्हणाला.

"तू गप्प बस. आधी कोरडा हो."

वहिनीने किल्ली घेतली नाही. "आधी टेंगूळचं ऐका," ती म्हणाली.

मग टेंगूळने सांगितलं. ठिणगी, व्रण, गोळ्या. तिला एक-दोन शब्द सापडेनात तेव्हा वहिनी ते पुरवू लागली, तर तिने हाताने थांबवलं आणि स्वतःच शोधले. रोज दुपारी डोकं दुखतं हे तिने त्या घरात पहिल्यांदा सांगितलं. दमते तो आळस नसतो, कान झाकते तो राग नसतो, हेही सांगितलं. दादा मध्येच म्हणाला, "मग आम्हाला बोलायचं ना!" आणि आत्याने त्याला चिमटा काढला, आणि पहिल्यांदाच त्याने तो निमूट सोसला.

अण्णांचं हसू ओसरलं होतं. "म्हणजे गोळ्या घेतल्या की ते जळका वास येणं, ते थबकणं..."

"बंद."

"मी लोकांना काय काय सांगत आलो," ते म्हणाले. "देवाने एक नेलं आणि एक दिलं. मला ते फार बरं वाटायचं गं. आणि तू प्रत्येक वेळी आजारी पडत होतीस, आणि मी टाळ्या वाजवत होतो." त्यांनी तिची पिशवी तिच्यापुढे सरकवली. "घे गोळ्या. आजच घे. आता घे."

टेंगूळने पिशवीतून पाकीट काढलं, पण फोडलं नाही. उलटसुलट करत बसली.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"अण्णा, एक विचारू? उठून जाणार नसाल तर."

अण्णा खुर्चीचे हात धरून बसले. "विचार."

"मी हसते, वाट्टेल ते बोलते, ते डोक्याला लागल्यापासून, असं तुम्ही सगळे म्हणता. मला आधीचं काही आठवत नाही. गोळ्यांनी वास जाणार. त्याच्याबरोबर हेही गेलं तर मी कोण राहणार? म्हणजे..." ती हसली, पण नीट जमलं नाही. "पडायच्या आधी मी कशी होते? शांत होते का?"

आत्या आणि दादा एकमेकांकडे बघू लागले. दोघांचं कधी नव्हे ते एकमत झालं, की उत्तर अण्णांनीच द्यायचं.

"शांत?" अण्णा म्हणाले. ते उठले. टेंगूळला वाटलं, चालले. पण ते तिच्या समोर येऊन उभे राहिले, पोट पुढे काढलं, हात मागे बांधले आणि पाय फेंगडे टाकत खोलीभर चालून दाखवू लागले. "ही अशी चालायचीस तू. माझी नक्कल. व्यापारी माल बघायला आले की त्यांच्यासमोर, माझ्या मागे मागे. एका गिऱ्हाइकाला म्हणालीस, काका, तुम्ही आमचा साबण विकता, मग लावत का नाही? तो पुन्हा आला नाही. आणि हसणं! तुझ्या शाळेतून निरोप यायचे, की घेऊन जा, वर्ग चालवता येत नाही. त्या दिवशी माळ्यावरही माझी नक्कल करायलाच चढली होतीस. आम्ही सगळे खालून हसत होतो, आणि तू आमच्याहून जास्त."

"म्हणजे मी अशीच होते?"

"अशी?" अण्णांनी डोळे पुसले. "छे! आता बरीच सुधारली आहेस."

टेंगूळ इतकी हसली की गोळी गिळायला तिला तीनदा पाणी मागावं लागलं.